पूजेला लावलेला कीबोर्ड

मी लॅपटॉप उघडला. पडदा जागेवर होता, पण त्याच्याखाली कीबोर्ड हवा तिथे नुसता चौकोनी खड्डा. तळाशी सोनेरी टाचण्यांची बारीक ओळ तेवढी चमकत होती. विनीत पलंगावरून माझ्याकडे बघत होता आणि मी त्या खड्ड्याकडे.

"इथेच असेल," मी म्हटलं. "चादरीत गेला असेल."

लॅपटॉप टेबलावर ठेवून मी चादर झटकली, पलंगाखाली वाकून पाहिलं, औषधांची टोपली उपडी केली. कीबोर्ड म्हणजे काही पेनाचं टोपण नाही, की गेलं घरंगळत. पण घाबरलं की माणूस अक्कल गहाण ठेवतो. मी तर फ्रिजसुद्धा उघडून पाहिला.

घाबरायला कारण होतं. थोड्या वेळात डॉक्टर येणार होत्या आणि आज विनीतला त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालायची की नाही? घातली तर मशीनच्या जोरावर तो आणखी काही वर्षं काढेल, ह्याच पलंगावर, आहे त्याहूनही कमी हलत. नाही घातली तर फार दिवस उरलेले नाहीत, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. उत्तर विनीतचंच हवं, बायकोचं नाही, आईचं नाही. आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे एकच साधन होतं, ते आज सकाळी घरातून नाहीसं झालं होतं.

विनीत माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातातून चहाचा कप पडला, मग पाय अडखळायला लागला, मग जीभ. मज्जातंतूंचा आजार आहे. नाव लांबलचक, औषध काही नाही. डोकं मात्र लख्ख. गिरगावातल्या एका छापखान्यात तो डीटीपी करायचा, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. आता बोलणं गेलंय, डावा हात गेलाय. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं जेमतेम हलतात. मान त्याची त्यालाच आवरत नाही, ती मनाला येईल तशी डुलते. त्यामुळे मानेवरून हो की नाही ते ओळखायला जाणं म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या कॅलेंडरला तारीख विचारण्यासारखं आहे.

हा लॅपटॉप आणला कल्पेशने. कल्पेश विनीतचा शाळेपासूनचा मित्र, माझगावचा, लॅमिंग्टन रोडवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉप सुट्या भागांचा. बॅटरी वेगळी निघते, पडदा वेगळा निघतो, आणि कीबोर्ड चुंबकाने बसतो. कडेला दोन बोटं घातली की उचलून हातात. "ह्याचा फायदा काय माहितीय, वहिनी?" कल्पेश म्हणाला होता. "कीबोर्ड आपला आपण बनवून बसवायचा. ह्याची बोटं जिथे पोचतात, तिथेच बटणं."

मग महिनाभर दोघे भांडले. कल्पेशचं म्हणणं, तयार वाक्यांची बटणं करू. एक दाबलं की 'पाणी', दुसरं दाबलं की 'कूस बदला'. विनीतची तेव्हा पाचही बोटं चालत होती. त्याने टाइप केलं, "मी काय लिफ्ट आहे? मला अक्षरं दे." बरं, अक्षरं तर अक्षरं, ती तरी नेहमीच्या क्रमाने असावीत? छे! मराठी माणूस कान्याशिवाय दोन शब्द बोलू शकत नाही, म्हणून काना अंगठ्याखाली, त्याच्या शेजारी मात्रा आणि वेलांट्या. न, त, र, क ही रोजची मंडळी तर्जनीच्या टप्प्यात, आणि ठ, ढ, झ असले कधीमधी येणारे पाहुणे लांब कडेला. बटण नुसतं टेकवलं तर एक अक्षर, जरा धरून ठेवलं तर दुसरं, म्हणजे थोडक्या बटणांत सगळी मुळाक्षरं मावली. बटणांखालच्या स्प्रिंगा कल्पेशने निवडून निवडून हलक्यातल्या हलक्या लावल्या.

एखादं बोट गेलं की कल्पेश यायचा, जुना कीबोर्ड उचलून न्यायचा, बटणं आणखी जवळ असलेला नवा बनवायचा आणि त्याच्याच पोटातल्या चिपमध्ये नवी मांडणी भरून आणायचा. पाच बोटांचा कीबोर्ड गेला, चार बोटांचा गेला. हा तीन बोटांचा. दुसरा कुठलाही कीबोर्ड विनीतच्या कामाचा नाही, आणि हा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. त्या भांडणांत मीही असायचे, त्यामुळे कुठलं अक्षर कुठे बसलंय ते मला झोपेतही सांगता येतं.

उत्तर काय देणार, ते मात्र त्याने मला सांगितलं नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा पडद्यावर उमटलं, "डॉक्टरांसमोर सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही दोघी आठवडाभर माझं डोकं खाल." खाल्लंच असतं. मला तो हवा होता. मशीनवर तर मशीनवर, पलंगावर तर पलंगावर. सकाळी डोळे उघडले की त्या कोपऱ्यात तो दिसायला हवा होता. तो नाही म्हणेल ही भीती आठवडाभर माझ्या मागे होती. शाळेत पोरांना वर्गमूळ शिकवताना मधेच थांबायचे आणि पोरं एकमेकांकडे बघायची. आज तर मी रजाच टाकली होती.

"आई!" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "विनीतचा कीबोर्ड पाहिलात का कुठे?"

उत्तर आलं नाही. आत देवाची घंटा वाजत होती.

सासूबाई देवासमोर बसल्या होत्या. मीराबाई त्यांचं नाव. मूळच्या देवगडकडच्या, पण भोईवाड्यातल्या ह्या खोलीत नवरी होऊन आल्या त्याला आता पन्नासेक वर्षं होतील. त्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. सासरे होते तोवर ते गिरणीतल्या मागांना झेंडूच्या माळा घालून घरी यायचे. गिरणी गेली, सासरेही गेले, पण मागावर आडवा धावणारा त्यांचा लाकडी धोटा अजून दर वर्षी पाटावर येतो. ह्या वर्षीही आला होता. लाल कापडावर तो धोटा, विळी, कात्री, माझी कंपासपेटी, आणि मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, विनीतचा कीबोर्ड.

बरं, नुसता ठेवलेला नाही. ओल्या फडक्याने पुसलेला. बटणांवर चंदनाच्या गंधाचे ठिपके, त्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं एक टपोरं फूल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आई! अहो, हे काय केलंत?"

"पूजा," सासूबाई म्हणाल्या. "आज खंडेनवमी नाय? माझ्या झिलाचा हत्यार ह्याच."

"पाणी लागलं तर खलास होतो तो! आणि डॉक्टर येतायत आत्ता. द्या इकडे."

मी हात पुढे केला तसा त्यांनी पाटावर आपला हात आडवा धरला. "हात लावू नको. पूजेक लावलेल्या हत्याराक आज हात लावचो नसता. उद्या उत्तरपूजा झाली काय घे."

"उद्या? आई, त्याला आज बोलायचंय!"

"उद्या बोलतलो."

मला वाटलं, म्हातारं माणूस, प्रेमापोटी केलाय वेडेपणा. एरवी मला कौतुकही वाटलं असतं. जी बाई कधी कॉम्प्युटरच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, तिने कल्पेशला बघून बघून तो तुकडा बरोबर सोडवला आणि देवापाशी नेऊन ठेवला. पण आज? आजचाच दिवस सापडला? ओढाताण केली असती तर तो आणखी बिघडला असता, आणि खरं सांगायचं तर देवाच्या पाटावरून वस्तू हिसकावण्याची माझीही छाती झाली नाही. देवाला दुखवायचं तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी, आज नको.

बाहेर येऊन मी कल्पेशला फोन लावला.

"ओला आहे?" तो म्हणाला. "मग लगेच जोडू नका. सुकू दे आधी."

"तुझ्याकडे दुसरा असेल ना एखादा?"

"चार बोटांवाला पडलाय, पण त्याची बटणं लांब आहेत, वहिनी. पोचायचा नाही त्याचा हात."

"साधा कुठला तरी जोडू?"

"त्याला बोट उचलून दाबायला लागेल. उचलतं का बोट?"

नव्हतं उचलत.

"टेन्शन नका घेऊ, निघालोच मी," कल्पेश म्हणाला. "पण आज रस्त्याची पार वाट लागलीय. लालबागला फुलांच्या गाड्याच गाड्या."

टेन्शन नका घेऊ म्हणणाऱ्या माणसाला सांगावंसं वाटतं, बाबा, ते घेतलं जातं, घेत नाही कुणी. मी विनीतजवळ गेले आणि सांगितलं की कीबोर्ड आईंनी पूजेला लावलाय, कल्पेश येतोय, सगळं होईल. त्याने सगळं ऐकलंच होतं. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली ह्यांच्यामध्ये एक पडदाच तर आहे. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसल्यासारखं काहीतरी झालं, पण डोळे हसले नाहीत.

डॉक्टर कल्पेशच्या आधी पोचल्या. डॉक्टर प्रिती हॉस्पिटलतर्फे घरी येऊन बघतात. वयाने माझ्याहून लहान, बोलणं हळू. त्या विनीतविषयी माझ्याशी बोलत नाहीत, विनीतशी बोलतात, म्हणून तो त्यांच्यावर खूश असतो. खुर्ची ओढून त्या त्याच्यासमोर बसल्या.

"विनीत, ठरल्याप्रमाणे आज बोलू या?" त्यांचं लक्ष टेबलावरच्या लॅपटॉपकडे गेलं. "अरे, कीबोर्ड कुठाय?"

मी तोंड उघडलं. पण स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई माझ्या आधी बोलल्या.

"तां दुरुस्तीक दिलेला आसा."

मी गर्रकन वळले. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली. सासूबाईंना मी चिडलेलं पाहिलंय, रुसलेलं पाहिलंय, खोटं बोलताना पाहिलेलं नाही. कुंकवाने माखलेली बोटं पदराला पुसत त्या दारात उभ्या होत्या.

"मग पंचाईत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुखतंय का, पाणी हवंय का, हे मी डोळ्यांच्या खुणेवर विचारू शकते. हा प्रश्न नाही. ह्याला त्यांचं स्वतःचं वाक्य हवं, कुणी सुचवलेलं नको."

त्यांनी विनीतच्या बोटाला चिमटा लावून यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डॉक्टर लोक चेहरा सांभाळायला शिकलेले असतात, पण भुवयांचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवत नाही.

"रात्री श्वासासाठी लावतो तो मास्क आता पुरत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी पुढच्या आठवड्यात परत येते. पण मागच्या वेळी बोलले ते लक्षात ठेवा, अनुजाताई. मधेच श्वास अडकला आणि तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलावलीत, तर तिथे कुणी विचारत बसणार नाही. त्यांचं उत्तर आपल्याकडे नसेल तर नळी घालतात. आणि एकदा घातली की काढणं फार अवघड असतं."

मागच्या वेळी? मागच्या वेळी मी औषधं आणायला खाली गेले होते. इथे सासूबाई बसल्या होत्या, वाल सोलत.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विनीत आज बोलला नाही, तर त्याला पुन्हा विचारायची वेळ बहुधा येणारच नव्हती. डॉक्टर परत यायच्या आतच श्वास अडकेल, गाडी येईल, नळी बसेल. कुणी काही ठरवायला नको, आणि तो जगेल. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

डॉक्टरांना पाणी आणते म्हणून मी आत गेले. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी दबक्या आवाजात म्हटलं. "पूजाबिजा काही नाही. मुद्दाम केलंत."

"पूजा खरी आसा," त्या म्हणाल्या. "पण तो नको म्हणतलो, ता माका म्हायत आसा. माझो झिल तो. त्याचो बापूसही असोच. कोणाक तरास नको म्हणान हॉस्पिटलात गेलो नाय, आणि गेलो." त्यांनी पाटावरचं झेंडूचं फूल सारखं केलं. "एकदा ह्येना सांगल्यान, मगे कोणाच्यान काय करूक येवचा नाय. म्हणान म्हटला, आज देवाकडे रवांदे."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"तुका नको काय गो तो?" सासूबाईंनी विचारलं.

हवा होता. देवाशपथ हवा होता. मी माठातून ग्लास भरला, तो काठोकाठ भरून सांडला तरी ओतत राहिले. मग तोच ग्लास घेऊन बाहेर आले, डॉक्टरांच्या हातात दिला आणि मूग गिळून उभी राहिले. सासूबाई खोटं बोलल्या होत्या. मला तर तेवढेही कष्ट नव्हते. नुसतं गप्प राहायचं होतं. दहा मिनिटं, डॉक्टर जिना उतरेपर्यंत.

डॉक्टरांनी बॅगेची चेन लावली. तेवढ्यात आवाज आला. टक. टक.

विनीतच्या पोटावर लाकडी फळी आडवी ठेवलेली असते, तिच्यावर एरवी लॅपटॉप असतो. आता ती फळी रिकामी होती आणि तिच्यावर त्याचा उजवा हात होता. तर्जनी सरकली, टेकली. अंगठा टेकला. पुन्हा तर्जनी.

"हात थरथरतोय का?" डॉक्टर वाकून बघायला लागल्या. "हे कधीपासून?"

थरथर नव्हती ती. कोऱ्या लाकडावर, जिथे जिथे बटणं असती तिथे तिथे, त्याची बोटं जात होती. डॉक्टरांना ते कळणं शक्य नव्हतं. कल्पेशला कळलं असतं, पण तो लालबागला अडकला होता. विनीत डॉक्टरांकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, कारण ती फळी वाचणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

"हो, हल्ली थरथरतो," हे शब्द अगदी माझ्या ओठांपर्यंत आले होते. बोलले असते तर कुणाला काय कळणार होतं?

तो पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. तीच अक्षरं, तीच जागा. त्याच्या कपाळावर घाम जमला होता. एवढ्याशा बोटांना एवढं चालवायचं म्हणजे त्याला जिना चढण्याइतके श्रम होतात, आणि श्वास तर आधीच पुरत नव्हता. तो तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा मला ते बघवेना.

"म," मी म्हटलं. "ल, काना. ब, काना, मात्रा. ल, काना. य. च, अनुस्वार. य."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "तो म्हणतोय, मला बोलायचंय. कीबोर्ड घरातच आहे. आत, देवासमोर."

विनीतचा हात फळीवर निपचित पडला.

मी स्वयंपाकघराकडे निघाले. सासूबाई दारातच होत्या, आणि बाजूला होत नव्हत्या. त्यांच्या अंगावरून मला आत जाता आलं नसतं, आणि गेले असते तर पुढे आम्ही दोघी एका घरात राहू शकलो नसतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून आपल्या मुलाकडे पाहिलं.

"तू नको," त्या शेवटी म्हणाल्या. "मी मांडलंय, मीच हलवतलंय."

त्या पाटासमोर बसल्या. चिमूटभर अक्षता घेतल्या, धोट्यावर, विळीवर, कात्रीवर आणि कीबोर्डवर वाहिल्या. पाट जागच्या जागी जरासा हलवला. उद्याची उत्तरपूजा त्यांनी आज केली. ओठ हलत होते, पण काय पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. मग कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तो बाहेर आणला आणि माझ्याकडे न देता स्वतःच फळीवर ठेवला.

फटींतले तांदळाचे दाणे मी फुंकून काढले, कोरड्या रुमालाने कुंकू पुसलं. गंध वाळलं होतं. ओलसरपणा कुठे लागत नव्हता, पण हात लावून असं कितीसं कळतं? जोडला आणि ठिणगी उडाली तर? लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवून मी कीबोर्ड खाचेत सोडला, चुंबकाने तो खट्‌कन बसला, आणि पडदा उजळला.

डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, काही न गाळता. विनीतची तर्जनी सरकली आणि एका बटणावर टेकली. पडद्यावर काही उमटलं नाही. पुन्हा टेकली. काही नाही.

'न'चं बटण होतं. सगळ्यांच्या मधलं, म्हणून सासूबाईंनी गंधाचा मोठा ठिपका त्याच्यावरच दिला होता. गंध कडेने आत उतरून वाळलं होतं आणि बटण चिकटून बसलं होतं. माझ्या बोटाने जोर लावून ते दर वेळी दाबता आलं असतं. त्याच्या बोटाने दबेना. तो दाबत राहिला, आणि कपाळावरचा घाम भुवईत उतरला.

मी हात पुढे केला.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "अक्षर त्यांनीच निवडायला हवं. बोट त्यांचंच हवं."

"बोट त्याचाच आसा," सासूबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. "मी नुसता वरसून जोर देतंय."

डॉक्टर विचारात पडल्या. मग विनीतकडे झुकून म्हणाल्या, "तुम्हाला चालेल? चालणार असेल तर डोळे मिटा."

विनीतने डोळे मिटले.

सासूबाईंनी आपली तर्जनी त्याच्या तर्जनीवर ठेवली आणि दाबली. पडद्यावर 'न' उमटला. पुढची अक्षरं त्याची त्याने घेतली. ळ, मग अंगठ्याने दुसरी वेलांटी.

नळी.

तो थांबला, दम घेतला. मी पडद्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, घाला. घाला म्हण. 'घ' वरच्या ओळीत आहे, जरा लांब आहे, पण पोचेल तुझं बोट, जा तिकडे.

बोट वर गेलं नाही. ते मागे यायला लागलं, अगदी हळू, आणि पुन्हा त्याच मधल्या बटणावर येऊन टेकलं. तिथे ते वाट बघत राहिलं.

पुढे कुठला शब्द येणार, ते आता कुणी सांगायला नको होतं. डॉक्टरांनी मान खाली घातली. सासूबाईंचा हात हवेतच राहिला. दाबलं नाही तर पुढचं अक्षर येणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

"विनू," त्या म्हणाल्या. "घाबरतंस?"

त्याने डोळे मिटले आणि उघडले.

"तरी पण?"

त्याने पुन्हा मिटले. ह्या वेळी उघडले तेव्हा ते भरून वाहत होते.

सासूबाईंनी त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. ते थरथरत होतं, आणि ही मात्र थरथरच होती. एवढंसं बटण दाबायला त्यांना खूप वेळ लागला. मग त्यांनी दाबलं.

'क' त्याने स्वतः घेतला. काना, मात्राही स्वतः घेतल्या. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तोंडात पदर कोंबला, पण आवाज आलाच. डॉक्टर पडद्यावरचे दोन शब्द हळू आवाजात वाचून दाखवत होत्या, हेच म्हणायचंय ना, असं विचारत होत्या. सासूबाईंनी त्याच्या बोटावरचं आपलं बोट काढलं नव्हतं.

जिन्यावर धावती पावलं वाजली. कल्पेश दारात आला, घामाने निथळत, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"आलो, आलो. बघू, बटण एखादं अडकलंय का?"

"काय्येक अडकूक नाय," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "बोललो तो."